गृहपाठ नेमका कोणाचा?

गृहपाठ सरसकट बंद करा, असं मी म्हणणार नाही. पण पाचवीपर्यंतचा लेखी गृहपाठ थांबवावा, हे माझं ठाम मत आहे. अमेरिकेतील संशोधक हॅरिस कूपर यांनी 2006 मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा गृहपाठ आणि गुण यांचा संबंध सातवीपासून पुढे ठळक दिसला, लहान वर्गांत मात्र क्षीण. आपल्याकडे यशपाल समितीने 1993 मध्येच प्राथमिक वर्गांवर हे ओझं नको म्हटलं होतं. केंद्राच्या 2020 च्या दप्तर धोरणातही दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला फार तर दोन तास. तरी तिसरीच्या वह्या गाइडमधून उतरवलेल्या प्रश्नोत्तरांनी भरतात. खाली लाल पेनाची खूण आणि तारीख. मुलाचं कुठे अडलं, याचा त्यात मागमूस नसतो.

मग सराव कधी, असं पालक विचारतात. सराव हवाच, पण तो वर्गात, बाईंच्या डोळ्यांसमोर. वजाबाकीत हातचा चुकला तर तिथे लगेच सापडतो; घरी तीच चूक वीस गणितांत पक्की होते. ज्या घरात आईवडील ऊसतोडीला जातात, तिथे ती दाखवणार कोण? आणि शिकलेल्या घरांत ‘प्रकल्प’ बऱ्याचदा आईच करते, नाहीतर तो स्टेशनरीच्या दुकानातून तयार येतो. रिकामा वेळ मोबाइलमध्ये जाईल, ही भीती खरी आहे. पण प्रश्नोत्तरं उतरवून झाल्यावरही मूल मोबाइलच मागतं. पुढच्या पालकसभेत गृहपाठ वाढवा म्हणू नका. वाचनालयाचं एक पुस्तक दर आठवड्याला घरी द्या, एवढं मागा.