तुटण्यासाठी बांधलेला दोरा

दाभोळच्या खाडीत ओहोटीच्या वेळी एकटीनं शिडाची होडी न्यायची, तर आधी सुकाणाचा विचार करावा लागतो. होडीचा तळ जेमतेम वीतभर पाण्यात असतो. मधली फळी हातानं वर ओढून घेता येते. सुकाणाचं पातं मात्र मागे दीड-दोन फूट खाली तसंच राहतं आणि गाळाला पहिल्यांदा तेच लागतं. वेगात लागलं तर पातं मोडतं, नाहीतर बिजागऱ्या फळीतून उपटून येतात. मग वारा नेईल तिकडे जायचं. रुतलात तर पाणी परत चढेपर्यंत काही तास तिथेच. उतरून चालायचीही सोय नाही, गाळात मांडीपर्यंत पाय जातो.

माझी होडी अकरा फुटांची, प्लायवुडची. १९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी ‘मिरर’ नावाची होडी आणली. प्लायवुडचे तुकडे तांब्याच्या तारेनं शिवायचे, सांध्यांवर फायबरची पट्टी आणि रेझिन लावायचं, की घरच्या घरी होडी तयार. माझी त्याच पद्धतीची. दोन पावसाळे खपून बाबांनी आणि मी ती पडवीत बांधली. बाबांना पोहता येत नाही, ते होडीत बसत नाहीत. पण आयुष्यभर फिटरचं काम केलेलं, त्यामुळे होडीतला एकेक नटबोल्ट त्यांच्या हातचा.

सुकाणाची रचना सोपी आहे. दोन फळ्यांच्या मधे पातं आणि तिन्हींतून आरपार एक बोल्ट. खालून धक्का बसला की पातं बोल्टवर फिरून मागे, वर येतं. वर ओढायची दोरी पात्याच्या मागच्या कडेला बांधून, सुकाणाच्या डोक्यावरून दांड्यालगत हाताशी आणलेली. लाकडी पातं तरंगायला बघतं, म्हणून खाली धरून ठेवणारी दुसरी दोरी पुढच्या कडेला. आमचं वाजलं ते या दुसऱ्या दोरीवरून.

“दोरी कशाला? दुसरा बोल्ट घाल आणि आवळून टाक. अजिबात हलणार नाही,” बाबा म्हणाले.

“हलायलाच हवंय ना, बाबा.”

“अगं, हलतं ते कच्चं काम.”

त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. तिथे रबरी दोरी लावली, तर होडीनं वेग घेतल्यावर ती ताणते आणि पातं मागे झुकतं. उभं पातं वळवायला दोन बोटं पुरतात. झुकलं की पाण्याचा दाब बिजागरीच्या रेषेपासून लांब जातो आणि दांडा दोन्ही हातांनी ओढावा लागतो. मला पाण्याला दाद न देणारं आणि जमीन लागताच सुटणारं सुकाण हवं होतं. म्हणून न ताणणारी दोरी घ्यायची आणि तिच्या मधे साध्या सुती दोऱ्याचा एक फास घालायचा. धक्का बसला की फास तुटेल, पातं वाचेल.

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे फ्यूज. मग जाड तार घालून चालायचं नाही.”

त्या संध्याकाळी पडवीच्या वाशाला फास टांगून त्याला बादली अडकवली आणि तांब्यातांब्यानं पाणी ओतत गेलो. एकपदरी, दोनपदरी, तीनपदरी. कुठला किती तांब्यांना तुटला, ते बाबांनी भिंतीवर खडूनं लिहिलं. मग खाडीत तपासलं. दोनपदरी नुसत्या वाऱ्याच्या जोरातच तुटला. तीनपदरी टिकला. काठावर आणून पात्याचं टोक जोरानं मागे ढकललं, तेव्हा तोही तुटला. तोच ठरवला.

मार्चमधल्या एका दुपारी खारा वारा जोरात होता. परतताना, आदल्या वर्षी जिथे पाणी होतं तिथे वाळूचा दांडा वर आला होता. ‘फट्’ असा आवाज झाला, दांडा हातात एकदम जड झाला आणि मागे पातं तरंगताना दिसलं. होडी घासत पुढे सरकली. मधली फळी ओढून घेतली, जड दांड्यानंच वाट काढत खोल पाण्यात आले आणि नवा फास बांधला.

घरी बाबांना तुटलेला तुकडा दिला. त्यांनी चष्मा लावून टोकं पाहिली.

“गाठीपाशी तुटलाय. म्हणजे गाठ दर वेळी तीच मारायला हवी. गाठ बदलली की जोर बदलला.”

आता होडीत औषधाच्या रिकाम्या डबीत बारा फास असतात, सगळ्यांना एकच गाठ. सुती दोरा खाऱ्या पाण्यानं कुजतो, म्हणून दर अमावास्येला, उधाणाच्या आत, बाबा जुने टाकून नवे बांधतात.