हुलसूरचा वैशाख आणि एक पेला सरबत

विकाराबाद-बीदर-परळी या लोहमार्गावर भालकी नावाचे स्थानक आहे. तेथे उतरून हुलसूरची बस धरणाऱ्या प्रवाशाने वैशाखात शक्य तो सकाळी नऊच्या आत गाव गाठावे, असा आमचा अनुभवाचा सल्ला आहे. दहा वाजले की बसच्या खिडकीची सळई हात लावू देत नाही. दोन्ही बाजूंस तूर आणि सोयाबीन निघून गेल्यावर उघडी पडलेली राने, मध्येच उसाचा एखादा हिरवा तुकडा, बांधावर एखादे आंब्याचे झाड आणि त्यापलीकडे झळांत थरथरणारे क्षितिज. मागच्या बाकावर कानडी बोलणे चाललेले असते, पुढच्या बाकावर मराठी, आणि वाहकाच्या तोंडी दखनी उर्दू. सुटे पैसे मात्र तिन्ही भाषांत सारखेच नसतात.

हुलसूर हे बीदर जिल्ह्यातील आमचे गाव. पूर्वी ते बसवकल्याण तालुक्यात मोडत असे. अलीकडे ते स्वतःच तालुक्याचे ठिकाण झाले आहे. निजामाच्या राजवटीतील जुना बीदर जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी तीन राज्यांत वाटला गेला. निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, काही भाग आंध्र प्रदेशास मिळाला आणि उरलेला बीदर म्हैसूर राज्यात राहिला. आमच्या मातोश्री निलंगा तालुक्यातील. जन्मतः त्या बीदर जिल्ह्याच्याच. घर न हलवता त्या दुसऱ्या राज्याच्या झाल्या, आणि लग्न होऊन पुन्हा बीदर जिल्ह्यात आल्या. सीमेवरच्या माणसाचा प्रवास असा पुष्कळदा जागच्या जागी घडतो. आज सांगावयाची हकीकतही अशाच एका जागच्या जागी घडलेल्या प्रवासाची आहे, आणि तिचा विषय आहे एक पेला लिंबाचे सरबत.

सरबताच्या बाबतीत आमच्या गावाची श्रीमंती प्रथम सांगितली पाहिजे. रामनवमीला कानडी घरांत गुळाचे 'पानक' होते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मराठी घरांत आंब्याची डाळ आणि कैरीचे 'पन्हे' होते. मुसलमान शेजाऱ्यांकडे रोजा सुटताना 'शरबत' पुढे येते. पन्हे हा शब्द संस्कृत पानकावरूनच आला, आणि शरबताच्या मुळाशी 'पिणे' या अर्थाचा अरबी धातू आहे. म्हणजे तिन्ही घरांत शब्द निराळे, अर्थ एकच: प्यावयाचे ते.

येथून जवळ असलेले बसवकल्याण ही चालुक्यांची राजधानी कल्याणी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजाच्या खाण्यापिण्याचे वर्णन त्यात तपशिलाने आले आहे. मराठीच्या अभ्यासकांना मात्र तो ग्रंथ ठाऊक असतो तो त्यात सापडलेल्या जुन्या मराठी पद्यपंक्तींसाठी. कानडी मुलखातील राजाच्या संस्कृत ग्रंथात मराठीचा इतका जुना शब्द जपला जावा, याचे आम्हांस विद्यार्थिदशेपासून कौतुक वाटत आले आहे. येथल्या मातीत शेजारच्या घरचे भांडे आपल्या घरात असणे ही नवलाईची गोष्ट नव्हे.

आमच्या लहानपणी गारव्याचे सारे शास्त्र मातीच्या माठात होते. माळवदाचे घर, ओसरीच्या कोपऱ्यात ओल्या वाळूवर माठ, त्यात वाळ्याची जुडी आणि वर पितळेचे झाकण. शाळेत पुढे आम्ही मुलांना हे गणित अनेकदा फळ्यावर मांडून दाखविले. माठातून पाझरलेले एक ग्रॅम पाणी वाफ होऊन जाताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता बरोबर नेते. एवढ्या उष्णतेत ५८ ग्रॅम पाणी दहा अंशांनी निवते. उलट एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी शोषतो, म्हणजे तो आठच ग्रॅम पाणी तितके निववील. मुलांना हे खरे वाटत नाही. बर्फाचा रुबाब मोठा असतो. परंतु माठालाही मर्यादा आहे. हवा कोंदली की त्याचे पाझरणे मंदावते, आणि जुन्या माठाची छिद्रे बुजली म्हणजे पाणी नुसतेच पाणी राहते.

बर्फ मात्र श्रीमंतांचा. 'आईने अकबरी'त शोऱ्याच्या साहाय्याने पाणी गार करण्याची बादशाही रीत वर्णिली आहे. १८३३ साली बोस्टनहून निघालेल्या जहाजाने महासागर ओलांडून कलकत्त्यास बर्फ आणला, तो तेथील साहेबलोकांच्या पेल्यांसाठी. आमच्या घरात बर्फ प्रथम आला तो मात्र पेल्यात आला नाही.

१९८७ चा वैशाख होता. आमचे वडील दुपारी शेतावरून आले, ओसरीवर टेकले आणि संध्याकाळपर्यंत सारे संपले. थोरले काका मुंबईस. तार गेली, त्यांना पोहोचण्यास दुसऱ्या दिवसाची दुपार होणार होती. एवढ्या उन्हात देह ठेवावयाचा कसा? कोणीतरी जीप घेऊन रात्रीच बाहेरगावच्या कारखान्यावर गेले आणि गोणपाटात गुंडाळलेल्या, लाकडाच्या भुशाने माखलेल्या बर्फाच्या चार लाद्या घेऊन आले. आम्ही तेव्हा अठरा वर्षांचे होतो. आई रात्रभर त्या लाद्यांशेजारी बसून होत्या. पहाटे ओसरीवरून अंगणात वाहत गेलेल्या पाण्याची ओघळ त्यांनी स्वतः पुसली.

त्यानंतर आईंनी बर्फ कधी तोंडाला लावला नाही. पुढे आमच्या घरी शीतपेटी आली, तिच्यातील पाणीसुद्धा त्यांनी घेतले नाही. लग्नाकार्यात पेल्यात बर्फाचा खडा खुळखुळला की त्या तो पेला न बोलता शेजारी सरकवीत. कारण कोणी विचारले नाही, आणि त्यांनी सांगितले नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात मात्र हा प्रश्न आमच्या दाराशी येऊन उभा राहिला. आईंचे वय आता ऐंशीच्या घरात. वैशाखाच्या आरंभी एके दुपारी त्यांना भोवळ आली. डॉक्टरांनी तपासून सांगितले, की अंगातले पाणी कमी झाले आहे. दिवसभर थोडे थोडे पोटात जावयास हवे. परंतु माठातले पाणी कोमट लागते म्हणून त्या दोन घोटांवर थांबत. ताकाने घसा धरतो ही तक्रार. पन्हे दोन दिवस घेतले, तिसऱ्या दिवशी वाटी तशीच राहिली. बाहेर पारा चाळिशी ओलांडून गेलेला. आम्ही शाळेत अनेक हट्टी मुले वळणावर आणली आहेत. आईंपुढे आमचा इलाज चालेना.

त्याच आठवड्यात आमची कन्या बंगळुरूहून रजेवर आली. आजीची वाटी पाहून ती म्हणाली, "बाबा, बर्फ नको तर नको. फळंच गोठवू, आणि सरबतात बर्फाच्या जागी तीच घालू."

पहिला प्रयोग आम्ही वडीलकीच्या हक्काने स्वतः केला आणि तो साफ फसला. द्राक्षे व कलिंगडाच्या फोडी एका डब्यात दाबून भरल्या, तेव्हा सकाळी त्यांची एक वीट झाली. लिंबे शेवटच्या थेंबापर्यंत पिळली, बियांसह रस रात्रभर ठेवला, आणि सरबत असे कडू झाले, की आमच्या सौभाग्यवतींनी ते चाखून आमच्याकडे केवळ पाहिले. पुढची सूत्रे कन्येकडे गेली. तिची रीत आमच्या वाचकभगिनींना उपयोगी पडेल म्हणून येथे नोंदवितो.

सहा पेल्यांसाठी सुमारे अर्धा किलो फळे घ्यावीत. आम्ही हंगामाच्या शेवटची बिनबियांची द्राक्षे, बिया काढलेले कलिंगड आणि घरच्या आंब्याच्या फोडी घेतल्या. फळ धुऊन कोरडे करावे, बोटाच्या पेराएवढे तुकडे करावेत आणि स्टीलच्या ताटात एकमेकांना न चिकटतील असे एकाच थरात मांडावेत. ताट बर्फाच्या कप्प्यात चार-पाच तास ठेवले की तुकडे सुटे सुटे गोठतात. मग ते झाकणाच्या डब्यात भरावेत. आमच्याकडे दुपारी वीज जाते, म्हणून ताट रात्री ठेवावे आणि वीज गेल्यावर दार उघडू नये. एकदा विरघळलेले फळ पुन्हा गोठवू नये. गोठताना फळातील पाण्याचे स्फटिक त्याच्या पेशी फोडतात, त्यामुळे ते विरघळल्यावर लिबलिबीत होते.

एक वाटी साखर एक वाटी पाण्यात विरघळेपर्यंतच तापवावी आणि पूर्ण निवू द्यावी. रसाळ अशी सहा कागदी लिंबे (आमच्याकडे विजापूरकडील इंडीची येतात) हलक्या हाताने पिळावीत. साल चुरगळली की कडूपणा उतरतो. बिया लगेच गाळाव्यात. रस गरम पाकात घालू नये. त्याने लिंबाचा वासही जातो आणि 'क' जीवनसत्त्वही घटते. पाक निवल्यावर रस, चार पेले माठाचे पाणी, चिमूटभर सैंधव आणि दोन वेलदोड्यांची पूड घालावी. मधुमेह असणाऱ्यांनी पाक वगळावा आणि कोणते फळ किती चालेल हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. लहान मुलांसाठी द्राक्षे गोठविण्यापूर्वीच उभी चिरावीत, अख्खी घशात अडकण्याचा धोका असतो. शेवटी पेला निम्मा गोठल्या फळांनी भरावा, वरून सरबत ओतावे आणि दोन मिनिटे थांबावे. बर्फ घातलेले सरबत तळाशी जाता जाता फिके होते; येथे फळ सुटू लागते तसा रस उतरतो, आणि शेवटचा घोट पहिल्याहून गोड लागतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी कन्येने पेला आजीपुढे ठेवला. कलिंगडाचा रंग हळूहळू लिंबाच्या पाण्यात उतरत होता. आई पेल्याकडे पाहत राहिल्या.

"यात बरफ हाय का गं?"

"नाही आजी. फळं आहेत नुसती."

आम्ही ओसरीवर वर्तमानपत्र धरून बसलो होतो. कलिंगडात शंभरात नव्वदांहून अधिक भाग पाणीच असते, आणि गोठलेले पाणी म्हणजे काय हे आम्ही तीस वर्षे शिकवीत आलो आहोत. बोलावे की न बोलावे, या विवंचनेत आम्ही तेच पान दोनदा वाचले. आईंनी एक घोट घेतला, मग दुसरा. द्राक्षाचा एक मणी जिभेवर घोळवीत त्या बराच वेळ बसल्या. पेला रिकामा झाला.

संध्याकाळी आमचे मन राहवेना. जवळ जाऊन आम्ही सांगू लागलो, की आई, त्या फळांत खरे म्हणजे...

"मला काय कळत नाही व्हय रं?" त्या मध्येच म्हणाल्या. "पाणीच गोठलंय त्यात. पन फळाच्या पोटात हाय ते." मग काही वेळाने, अंगणाकडे पाहत: "तवा ते उघडं व्हतं. रातभर नुसतं वाहत व्हतं."

छत्तीस-सदतीस वर्षांत त्या रात्रीविषयी त्यांनी उच्चारलेले हे पहिले शब्द. आम्ही पुढे काही विचारले नाही. वडिलांची आठवण निघाली, आणि त्या रात्री जेवणे होईपर्यंत ती चालू राहिली: त्यांना कैरीचे पन्हे कसे लागे, गूळ कमी पडला की ते कसे न बोलता वाटी पुढे करीत. आमच्या कन्येने आजोबांना पाहिलेले नाही. ती हे सारे ऐकत होती.

तेव्हापासून रोज दुपारी आईंचा पेला ठरलेला आहे. त्या त्याला सरबत म्हणत नाहीत, 'फळाचं पन्हं' म्हणतात. कानडी बोलणाऱ्या शेजारीणबाईंनी त्याला 'पानक' म्हणूनच स्वीकारले, आणि पलीकडच्या घरी त्याचे 'शरबत' झाले. एकाच डब्यातील फळे तीन नावांनी तीन ओसऱ्यांवर पोहोचली. नवी गोष्ट आमच्या गावात शिरते ती अशी, जुन्या नावाने आणि जुन्या दाराने. तशी न आली तर वर्षानुवर्षे बाहेर उभी राहते.

कन्या रजा संपवून परत गेली आहे. ताटात फोडी मांडण्याचे काम आता आमच्याकडे आले असून, त्या एकमेकींना चिकटत नाहीत हे आम्ही अभिमानाने नमूद करतो. वाचकहो, कधी या बाजूस येणे झाले तर अवश्य यावे. पेला तयार असेल. मात्र भालकीहून सकाळची बस धरावी.