पंपिंग नॉर्मल असताना

टू-डी इको झाला की पेशंट पहिल्यांदा पंपिंग विचारतो. साठ टक्के म्हटलं की घरच्यांचेही चेहरे सैलावतात. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती हिस्सा एका ठोक्यात बाहेर पडला, ते हा आकडा सांगतो. आकडा उपयोगाचा आहे, पण बरेचदा उशिरा बोलतो. स्तनाच्या कॅन्सरसाठी डॉक्सोरुबिसिन किंवा ट्रास्टुझुमॅब घेणाऱ्या बायकांचे इको करताना मला हे वारंवार जाणवतं. ही औषधं जीव वाचवतात. काही जणींच्या हृदयाच्या स्नायूला मात्र इजा करतात.

हृदयाच्या भिंतीतले स्नायूंचे धागे एकाच दिशेनं जात नाहीत. आतल्या आणि बाहेरच्या थरातले धागे तिरके, उभ्या अंगानं जातात. मधल्या थरातले गोल फिरतात. म्हणून ओला कपडा पिळावा तसं हृदय आकसताना पिळलंही जातं. पुष्कळ आजारांत आतला थर आधी थकतो. तेव्हा मधला थर जास्त काम करून ती उणीव भरून काढतो आणि पंपिंग साठच राहतं.

ही झाकलेली थकावट स्ट्रेनमधून कळते. इकोच्या करड्या चित्रात स्नायूभर बारीक ठिपक्यांची नक्षी दिसते. सॉफ्टवेअर त्या नक्षीचा चित्रागणिक माग काढतं आणि भिंत लांबीत किती आखडली ते मोजतं. उणे 20 म्हणजे वीस टक्के आखडली. एखादीचा आकडा केमोआधी उणे 21 होता आणि नंतर उणे 17 झाला, तर पंपिंग तेवढंच असूनही मी तिच्या कॅन्सरतज्ज्ञांना फोन करते. मूळ आकड्याच्या पंधरा टक्क्यांहून जास्त घट आम्ही गंभीरपणे घेतो. केमो थांबवावीच लागते असं नाही. ती चालू ठेवून हृदयाला जपणाऱ्या औषधांचा विचार करता येतो.

1953 साली स्वीडनमधल्या लुंड इथं डॉक्टर इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेलमुथ हर्ट्झ यांनी धडधडत्या हृदयाचे प्रतिध्वनी पहिल्यांदा टिपले. त्यांनी उसनं आणलेलं यंत्र धातूतल्या लपलेल्या भेगा शोधण्यासाठी बनवलेलं होतं. वस्तू तुटण्याआधी तिच्यातला दोष सापडावा, हा त्या यंत्राचा मूळ हेतू मला आमच्या आजच्या कामाच्या फार जवळचा वाटतो.

माग सॉफ्टवेअर काढत असलं तरी चित्र हातानंच मिळवावं लागतं. प्रोब बरगडीची एक फट वर राहिला तर हृदयाचं टोक कापलं जातं आणि थकलेली भिंतही चांगली दिसू शकते. डाव्या बाजूचं ऑपरेशन झालेलं असेल तर नेमक्या त्याच जागी प्रोब दाबताना व्रण दुखतो. तिथं घाई चालत नाही. "मावशी, डाव्या कुशीवर वळा. श्वास सोडा... आता धरा." तेवढ्या अवधीत तीन-चार ठोके, सेकंदाला साधारण 40 ते 80 चित्रांच्या वेगानं, टिपायचे. हेच तीन वेगवेगळ्या कोनांतून. शेजारी त्या वेळचं ब्लडप्रेशर लिहायचं, कारण ते चढलं असेल तर निरोगी हृदयही कमी आखडतं. पुढचा इको शक्यतो त्याच मशीनवर करायचा, कारण मशीन बदललं की आकडाही थोडा बदलतो.

मुळात उणे 18 असणारी बाई ठणठणीत असू शकते आणि उणे 21 वरून तिथं आलेली धोक्याच्या काठाशी आलेली असू शकते. रिपोर्टवर दोघींचा आकडा एकच. फरक कळतो तो केमोच्या पहिल्या सलाइनआधी काढलेल्या इकोमुळे. त्या दिवशी शोधायला काही नसतं, बाहेर रांग असते आणि उरकून टाकण्याचा मोह होतो. पण पुढचा प्रत्येक निर्णय त्या चित्राशी ताडून घेतला जाणार असतो, म्हणून निरोगी हृदयाचा इको मी सर्वांत मन लावून करते.