चिलखत किती असावें?

शनिवारीं शाळा सुटल्यावर चार विद्यार्थी वर्गांत मागें राहून वीस पैलूंचा फासा टाकीत बसतात, हें लक्षांत आलें तेव्हां प्रथम आम्हांस जुगाराचा संशय आला. चौकशीअंतीं कळलें कीं, तो 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नांवाचा खेळ होय. १९७४ सालीं अमेरिकेंत तो प्रथम प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. एक जण कथा चालवितो, बाकीचे योद्धे, मांत्रिक इत्यादि पात्रें होतात, आणि जयापजय फाशावर ठरतो. मुलांच्या आग्रहास्तव आम्हींही एक योद्धा घेतला.

ह्या खेळांत प्रत्येक पात्रास संरक्षणाचा एक अंक असतो. मुलें त्यास 'आर्मर क्लास' म्हणतात. शत्रूच्या फाशांत त्याचा आक्रमणाचा अंक मिळवून बेरीज तितकी अथवा अधिक झाली, तर घाव लागला. (जुन्या नियमांत अंक लहान तितकें संरक्षण मोठें, असा उलटा हिशेब होता. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीनें तो सुलट केला, ह्याबद्दल आम्ही गणितशिक्षक तरी ऋणी आहों.) मुलें २०१४ सालचे नियम पाळतात. त्यांत कड्यांच्या चिलखतास १६, पूर्ण पोलादी चिलखतास १८, व ढालीचे २ अधिक.

आमचा योद्धा वीसांपैकीं सातव्या पायरीस पोहोंचला. अशा मधल्या पायरीवर किती अंक पुरेसा, ह्यावर मुलांत वाद होता. एक म्हणे, अठरा पुष्कळ. उरलेलें द्रव्य अन्यत्र खर्चावें. आम्हांस तें पटेना. पोलाद १८, ढाल २, आणि योद्ध्यास प्रारंभीं जी एक युद्धशैली निवडतां येते तीत आम्हीं स्वसंरक्षणाची शैली घेतलेली, तिचा १, एकूण २१! डोंगरी राक्षसाचा आक्रमणाचा अंक ८. म्हणजे त्यास १३ वा अधिक पडलें पाहिजे. शंभरांत चाळीसच घाव. आम्हांस ह्याचा थोडा गर्वच होता.

पुढें असे दोन राक्षस आले. पहिल्याची गदा आमच्या ढालीवर दोनदां आपटून परतली. कथा चालविणारा मुलगा चतुर. तो म्हणाला, "सर, राक्षस मंद असला तरी एवढें त्याला कळतें," आणि दुसऱ्यास त्यानें मांत्रिकाकडे वळविलें. मांत्रिक आठवींतल्या एका लहान मुलाचा. मंत्राचें कवच धरून त्याचा अंक १५, म्हणजे शंभरांत सत्तर घाव. एकेका घावानें सरासरी अठराची हानि, आणि त्याचें सारें आयुष्य ३७. तिसऱ्या घावास तो पडला. पडल्यावरही गदा थांबली नाहीं. ज्या वहींत त्यानें मांत्रिकाचें चित्र काढिलें होतें ती मिटून तो इतकेंच म्हणाला, "सर, तुम्हांला ओरखडासुद्धां नाहीं."

त्या रात्रीं तपासावयाच्या वह्या बाजूस सारून आम्हीं पुन्हां हिशेब मांडला. तीच निवड करतांना दुसरी एक शैली समोर होती. ढालवाला योद्धा पांच फुटांच्या आंत उभ्या असलेल्या सोबत्यावरील एक घाव प्रत्येक फेरींत अडवूं शकतो; शत्रूस दोनदां फासा टाकून लहान आंकडा घ्यावा लागतो. सत्तराचे एकोणपन्नास होतात. आमच्या विसाव्या अंकावर एकविसावा चढवून आम्हीं शंभरांत पांच घाव चुकविले होते. त्याच मोलांत त्या मुलावरचे एकवीस चुकले असते. दाविदानें शौलाचें चिलखत उतरून ठेविलें ही कथा आम्ही दरवर्षीं शिकवितों, पण चिलखत कशाच्या बदल्यांत मिळालें हें विचारण्याचें आम्हांस सुचलें नव्हतें.

पुढच्या शनिवारीं शैली बदलण्याची परवानगी मागितली. कथा चालविणाऱ्यानें कुरकुर करीत दिली. आठवींतला मुलगा नवा मांत्रिक घेऊन आला होता. वहींत चित्र मात्र अजून नव्हतें. आमचा अंक आतां २० आहे. पटावर आम्हीं आपली सोंगटी उचलून त्याच्या शेजारच्या घरांत ठेविली. त्यानें फुटपट्टी काढून अंतर मोजलें.