पुढच्या वर्षीची परसबाग

मार्गशीर्षात पहाटेची थंडी झोंबू लागली, की परसातले वेल पिवळे पडतात. वाटते, संपली यंदाची बाग. पण पुढच्या वर्षीची बाग ठरते ती याच दिवसांत. कोणते फळ खायचे आणि कोणते बियाण्याला ठेवायचे, हे आताच ठरवावे लागते.

जोमदार वेलावरचा एक दुधी आणि दोन दोडके मी चिंधी बांधून राखले आहेत. पोरांना बजावले आहे, चिंधीला हात लावायचा नाही. दोडका वेलावरच वाळून खुळखुळला, की उतरवायचा. वांगे पिवळे होऊन मऊ पडले, की बी धुऊन सावलीत वाळवायचे. मग राखेत घोळून मडक्यात ठेवायचे.

खरी काळजी घेवड्याची. हे बी सासूबाईंनी माहेराहून आणलेले. गेल्या वैशाखात त्या गेल्या. तसली रुंद शेंग आता गावात दुसऱ्या कुणाच्या कुंपणावर दिसत नाही. यंदा पावसाने बहर झडला. वेलावर जेमतेम तीन मुठी शेंगा आहेत. घरात सगळ्यांना घेवड्याची भाजी हवी, पण मी एकही शेंग खुडू दिली नाही. हे म्हणतात, "बाजारात पुडी मिळते की." मिळते. पण संकरित बियाण्याच्या फळातले बी दुसऱ्या वर्षी तसेच उतरत नाही. दर साल नवी पुडी घ्यावी लागते. आणि सासूबाईंचा घेवडा कोणत्या पुडीत मिळणार?

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण गावरान बियाणे जपण्याच्या कामासाठी त्यांना २०२० ची पद्मश्री मिळाली. त्यांचेही काम असेच घरच्या बियाण्यापासून वाढले.

रात्री चुलीपुढे बसले, की मी मनातल्या मनात बाग लावते. अक्षय तृतीयेला दुधी-दोडक्याची आळी, मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ, मृगाच्या पावसावर कुंपणाला घेवडा. विहिरीजवळची जागा यांना कांद्याला हवी आहे. मी म्हटले, कांदा लावा, पण दोन वाफे माझे. कांद्याला भाव मिळो न मिळो, रोजच्या ताटातली भाजी तिथूनच येते.

एक मात्र ठरवले आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा प्लॅस्टिकची डबी लुटायची नाही. शेजारच्या पाचजणींना घेवड्याचे पाच-पाच दाणे वाण म्हणून द्यायचे. एखाद्या साली माझा वेल गेला, तरी कुणाच्या तरी कुंपणावर तो राहील. बायांनो, तुमच्या मडक्यातही असे एखादे बी असेलच. ते एकाच घरात ठेवू नका.