जरा ॲडजस्ट करा

इंग्रजी भाषेने आपल्याला क्रियापदे पुष्कळ दिली. पण त्यातले एक असे आहे की ते उद्या कोणी परत मागितले, तर आपली लोकल, आपली बँक आणि आपला संसार ही तिन्ही जागच्या जागी बंद पडतील. ते क्रियापद म्हणजे 'ॲडजस्ट'. आपण त्याला 'करणे' हे शेपूट लावले आणि मराठीच्या दावणीला बांधून टाकले.

माझी आणि या क्रियापदाची गाठ रोज सकाळी डोंबिवली स्टेशनातच पडते. लोकलच्या बाकावर रेल्वेने तिघांची सोय केली आहे. चौथ्याची सोय या क्रियापदाने केली. चौथा माणूस येतो, कोपऱ्यावरच्याच्या खांद्याला बोट लावतो आणि हळूच म्हणतो, "जरा ॲडजस्ट करा." यावर कोणी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. तिघे फक्त एक सुस्कारा सोडतात आणि त्या सुस्काऱ्यातून तीन इंच जागा निर्माण होते. त्या तीन इंचांवर चौथा आपल्या देहाचा एक चतुर्थांश ठेवतो आणि उरलेला तीन चतुर्थांश देवाच्या हवाली करतो. ठाण्यापर्यंत त्याचा एक पाय बधिर होतो. घाटकोपरला त्याला जरा पाठ टेकायला मिळते. दादरला खिडकीजवळचा उतरला की चौथ्याचा तिसरा होतो. आणि तिसरा झाल्याबरोबर तो नव्या चौथ्याकडे असा बघतो, की जणू याचा जन्मच मुळी बाकावर झाला आहे! हे मी दुसऱ्याचे सांगत नाही. मी रोज दादरपर्यंत साम्यवादी असतो आणि दादरनंतर जमीनदार.

आता साहेब हे क्रियापद कसे वापरतो ते पाहा. तो टाय ॲडजस्ट करतो, चष्मा करतो, घड्याळ करतो. फार तर नव्या गावाशी किंवा नव्या नोकरीशी जुळवून घेतो. पण पुढे-मागे काहीही न लावता नुसते 'ॲडजस्ट' म्हणायचे आणि त्या एका शब्दात जागा, सुटे पैसे, रजा, क्षमा यांपैकी हवे ते मागायचे, हा शोध आपला. माझा मेहुणा बंगळूरला असतो. त्याला कानडी आले ते एका वाक्यापुरतेच : "स्वल्प ॲडजस्ट माडी." पण तेवढ्यावर त्याचे उत्तम चालले आहे, असे तो सांगतो.

बँकेत तर काउंटरच्या दोन्ही बाजूंनी हाच मंत्र चालतो. गिऱ्हाईक म्हणते, "साहेब, सही जरा वेगळी आलीय, ॲडजस्ट करा." मॅनेजर म्हणतात, "आज कॅशला माणूस नाही, तुम्ही ॲडजस्ट करा." पासबुकाचे मशीन बंद पडते तेव्हा आम्ही सगळ्या रांगेलाच ॲडजस्ट करायला सांगतो. शिवाय आमच्याकडे सस्पेन्स अकाउंट नावाचे एक खाते असते. कोणत्या खात्यात घालावी हे कळत नाही अशी रक्कम तात्पुरती त्यात ठेवायची आणि उलगडा झाला की ॲडजस्ट करायची. यातला 'तात्पुरती' हा शब्द महत्त्वाचा. जुनी नोंद तशीच पडून राहिलेली दिसली की ऑडिटर चष्म्यावरून बघतो, आणि त्या बघण्याला भले भले घाबरतात.

वास्तविक मी कॉमर्सचा विद्यार्थी. आमच्या पुस्तकात प्रत्येक गणिताखाली 'समायोजने' असत. अखेरचा शिल्लक माल, देणे राहिलेला पगार, यंत्रावरचा घसारा. आमचे सर फळ्यावर खडू आपटून सांगत, "गाढवांनो, प्रत्येक ॲडजस्टमेंटचे परिणाम दोन! एकाच ठिकाणी लिहाल तर ताळेबंद जुळायचा नाही!" मी दुसरा परिणाम हमखास विसरत असे. तरीही पास झालो, यात विद्यापीठानेच काहीतरी ॲडजस्ट केले असावे.

असो. हे सगळे आठवण्याचे कारण आमची मनू. तिच्या बाईंनी घरचा अभ्यास दिला : रोजच्या बोलण्यातला एक इंग्रजी शब्द घेऊन त्याचे मूळ शोधा. मनूने 'ॲडजस्ट' निवडला. "हाच का गं?" मी विचारले. "आपल्या घरात हाच जास्त ऐकू येतो," ती म्हणाली. ऑडिटरची जात!

मनूने मोबाईल काढला. पण ज्ञान जाड पुस्तकातूनच घ्यावे अशा मताचा मी माणूस. माळ्यावर माझा जुना इंग्रजी शब्दकोश होता. स्टुलावर चढून पाहतो तर त्याच्यावर चादरीत गुंडाळलेले काहीतरी जड धूड. ते बाजूला सरकवताना चादर सुटली आणि आत आमच्या सौभाग्यवतींचे शिवणयंत्र दिसले. म्हणजे यंत्राचे वरचे अंग. खालचा लोखंडी सांगाडा कुठे आहे, ते मला चांगलेच ठाऊक होते. त्याच्यावर फळी टाकून मी माझे लिहायचे टेबल केले आहे. लेख अडला की मी खालचे पायटे हलवत बसतो; त्याने विनोद सुचतात असा माझा अनुभव आहे.

बारा वर्षांपूर्वी आई गेली आणि अण्णा आमच्याकडे आले. दोन खोल्यांचे घर. अण्णांची खाट खिडकीशी टाकायची म्हणून तिथले शिवणयंत्र हलवावे लागले. ही तेव्हा त्यावर शेजारणींचे ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल लावायची. महिन्याकाठी स्वतःचे चार पैसे स्वतःच्या खात्यात टाकायची. मी म्हटले होते, "अगं, थोडे दिवस ॲडजस्ट कर." ती "बरं" म्हणाली होती. थोडे दिवस तात्पुरतेच होते. सस्पेन्स अकाउंटमध्ये.

मी गुपचूप शब्दकोश घेऊन खाली उतरलो.

शब्दकोशात लिहिले होते की हा शब्द इंग्रजीत आला फ्रेंचांकडून, आणि फ्रेंचांकडे लॅटिनमधून. लॅटिनमध्ये 'आद' म्हणजे 'कडे' आणि 'युक्स्ता' म्हणजे 'जवळ'. म्हणजे मूळ अर्थ : जवळ आणणे. पुढे फ्रेंचांच्या कानांनी घोटाळा केला. त्यांना त्यात 'ज्युस्त', म्हणजे न्याय्य, बरोबर, हा निराळाच शब्द ऐकू आला, आणि 'जवळ आणणे'चे 'बरोबर करणे' झाले. आमच्या भाषेत सांगायचे तर एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यात जमा झाली आणि चूक कोणी दुरुस्तच केली नाही. आणखी मागे गेले तर हा 'युक्स्ता' ज्या धातूपाशी पोचतो, त्याचाच भाऊ संस्कृतातला युज्.

खाटेवर डोळे मिटून पडलेले अण्णा एकदम उठून बसले. संस्कृतचे निवृत्त शिक्षक ते. धातू ऐकला की त्यांना शाळेची घंटा ऐकू येते. "अरे, युज् म्हणजे जोडणे! योग त्यातला, संयोग त्यातला, वियोगही त्यातलाच. बैलाच्या मानेवरचं जू असतं ना, ते 'युग'वरून आलं, तेही त्यातलंच. आणि तुझं ते सरकारी 'समायोजन', त्यातसुद्धा युज् आहे!"

मी मनूला ऐटीत सांगितले, "लिही. ॲडजस्ट करणे म्हणजे जवळ आणणे."

आतून परातीचा आवाज येत होता. तो थांबला. कणकेचे हात तसेच घेऊन ही दारात आली आणि म्हणाली, "जवळ यायचं तर दोघांनी सरकायला हवं ना? एकच सरकत राहिला तर तो भिंतीला लागेल."

ती रागाने बोलली नव्हती. मनूच्या अभ्यासातली एक शंका काढावी तशी बोलली, आणि परत आत गेली. मला मात्र फळ्यावर आपटलेला खडू ऐकू आला. गाढवांनो, परिणाम दोन!

थोड्या वेळाने अण्णा हळूच म्हणाले, "खरं सांगू का? मला ही खिडकी कधी नकोच होती. पहाटेपासून उजेड डोळ्यांवर येतो. पण तुम्ही एवढ्या हौसेनं खाट टाकलीत. म्हटलं, आपण ॲडजस्ट करू."

बारा वर्षे! ही अण्णांसाठी सरकली, अण्णा आमच्यासाठी सरकले, आणि दोघांच्या मधल्या जागेत मी टेबल टाकून विनोदी लेख लिहीत बसलो.

पुढच्या रविवारी खाट दाराजवळच्या भिंतीला गेली. तिथून जिन्यावरून कोण येते-जाते ते दिसते, म्हणून अण्णा खूष आहेत. फळी काढली, सांगाडा खिडकीशी नेला, यंत्र माळ्यावरून उतरवले. त्याला तेल दिले, नवा पट्टा आणला. आता ही दोन चांगले शब्द बोलेल म्हणून मी घाम पुसत उभा राहिलो. ती म्हणाली, "बॉबिन कुठंय?" बॉबिन माझ्या पेनांच्या डब्यात सापडली. मग यंत्र जरा कुरकुरले आणि चालू लागले. पहिला शिवला तो अण्णांच्या उशीचा अभ्रा.

तेव्हा वाचकहो, हा लेख मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून, मांडीवर पाट घेऊन लिहितो आहे. पायाखाली पायटे नसल्यामुळे विनोद नेहमीसारखे सुचलेले नाहीत. शिवाय मध्येच खिडकीकडून "अहो, कुकरच्या किती झाल्या?" अशी विचारणा होते, आणि शिट्ट्या मोजायच्या की वाक्य पुरे करायचे हे ठरवावे लागते.

दोन झाल्या आहेत. तिसरी होईपर्यंत थांबतो.