सही

जुन्या लष्करी कागदांचा मला भारी नाद. सरकारने महारांची भरती बंद केली, तेव्हा ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून १८९४ साली महाडकडच्या गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला. महायुद्धात गरज पडली, तशी १९१७ साली १११वी महार पलटण उभी राहिली. १९२१ साली मोडलीही. तिच्यातल्या एका शिपायाचा दाखला रेवदंड्यात त्याच्या नातीच्या पेटीत निघाला. खाली साहेबाची झोकदार सही, शेजारी शिपायाची. एकेक अक्षर जपून काढलेले.

“आजी, हा मला द्याल?”

“गुरुजी, आजाच्या हातचं एवढंच उरलंय.”

मी ओशाळलो. तिथेच पडवीत बसून नक्कल केली आणि कागद परत दिला. मजकूर सगळा उतरला. सही मात्र माझ्या हातून काही उतरेना.